तीन हुकले की बाद

गुरुवारी वाचनालय बंद झालं की
मागच्या वाळूत आम्ही बारा खुंट्या मांडतो.
बर्चच्या लाकडाच्या, डोकी तिरपी कापलेल्या,
एक ते बारा आकडे कोरलेल्या.
सातची खुंटी मागच्या वर्षी तळ्यात गेली.
नवी होदानच्या पोराने केली, तिच्यावरचा सात उलटा आहे.
तो सातच वाचायचा, असं ठरलंय.

हिशेब माझ्याकडे.
एकतीस वर्षं बस चालवली, वेळ चुकू दिली नाही,
आता हात माझं ऐकत नाही.
माझा तीन आणि माझा आठ
ओळखू येत नाहीत एकमेकांपासून.
"आठच आहे ना हा?" त्यूने विचारते.
तिच्या नावापुढे असेल तर आठच असतो.

मोल्क्की तसा साधा खेळ.
एकच खुंटी पडली तर तिच्यावरचा आकडा,
जास्त पडल्या तर नुसती मोजणी.
म्हणजे दाणकन चार लोळवल्या तर चार,
आणि कोपऱ्यातली बारा हळूच टिपली तर बारा.
हे कळायला तरुणांना दोन उन्हाळे लागतात.
बरोबर पन्नास झाले की डाव जिंकला.
एक्कावन्न झाले तर परत पंचविसावर.
काउको म्हणतो, माझ्या दोन्ही लग्नांचं असंच झालं.

ओनेर्वाला दिसत नाही.
काउको वाकून तिला हव्या त्या खुंटीवर
चमच्याने टकटक करतो आणि बाजूला पळतो,
सत्तरीतला माणूस पळेल तितका.
एकदा पुरेसा पळाला नाही.
नडगीवरचा वण तो अजून पदकासारखा दाखवतो.

रेष कुठे, हा वाद दर वेळी निघतो.
त्यूने वॉकर लावून बसते तिथे तिची रेष.
पिह्ला चार वर्षांची, तिची रेष खुंट्यांना जवळजवळ चिकटलेली.
औलिसची रेष आम्हीच पुढे ओढली होती,
त्याला न विचारता.

नऊ वर्षांचा औलिस. व्हीलचेअरचा ब्रेक खाडकन लावतो.
त्याचे दोन नेम हुकले.
तिसऱ्यांदा दांडकं खुंट्यांवरून रास्पबेरीच्या झुडपात गेलं.
सलग तीन हुकले की बाद.
आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो:
वारा होता.
दांडकं ओलं होतं.
डास चावला त्याला, मी पाहिला.

वारा नव्हता.
पलीकडच्या काठावरची झाडं तळ्यात उलटी उभी होती,
एक पान हलत नव्हतं.

औलिसने आमच्याकडे पाहिलं,
मोठी माणसं खोटं बोलताना मुलं पाहतात तसं.
"मी काय कच्चं लिंबू आहे?
तीन झाले. मी बाद. लिहा."

मी फुली मारली.
वाकडी आली. फुलीला वाकडं असलेलं चालतं.

मग तो बाद झालेल्यांच्या बाकाशेजारी गेला,
दालचिनीच्या पावाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला
आणि तोंड भरलेलं असतानाच
आमच्या एकेकाच्या नेमाला नावं ठेवू लागला.
बाद झालेल्याचा तेवढाच हक्क,
त्याने तो पुरेपूर वसूल केला.
ओनेर्वा इतकी हसली की तिचा नेम चुकला,
आणि तिनेही मुकाट फुली घेतली.

आज तो सगळ्यांच्या आधी आला होता.
चाकाने वाळूत स्वतःची रेष ओढली,
आमच्या रेषेच्या हातभर मागे.
आजही बाद झाला. पहिलाच.
पाव अजून गरम होते, ते एक बरं.

रात्रीचे दहा वाजलेत, ऊन अजून वाळूवर आहे.
माझी पाळी. शेहेचाळीस झालेत, चार हवेत.
मी चारकडे बघतो.
हात त्याचं त्याचं काहीतरी ठरवत असतो.
पेन्सिल कानावर ठेवतो, श्वास धरतो,
आणि मी सोडायच्या आधीच दांडकं सुटतं.

उलटा सात. एकटाच, आडवा.

बाकापासून औलिस ओरडतो,
"पंचवीस! लिहा!"